सुमित्राची लेक

८ जानेवारी
सातवा महिना लागला आणि घरात नावांचा हंगाम सुरू! बेनी म्हणतो, मुलगी झाली तर जुई. सासरे — आबा — मात्र पेपर वाचत बसलेले. मीच विचारलं, ‘आबा, तुम्हा ज्यू लोकांत नावं येतात कुठून?’
‘रडण्या-हसण्यातून.’
म्हातारपणी मूल होणार म्हणून सारा हसली, तर मुलगा इसहाक — म्हणजे हसणारा. राहेल बाळंतपणात गेली. जाता जाता मुलाला ‘माझ्या दुःखाचा पुत्र’ म्हणाली. बापानं ते बदललं — बन्यामीन, उजव्या हाताचा पुत्र. आमचा बेनी तोच! आणि मी आजवर नुसतं ‘बेनी, कचरा टाकून ये’ म्हणत आलेय.

११ जानेवारी
आबा शमुवेल. त्यांचे आजोबाही शमुवेल, पण कोकणात गावानं त्यांना सामाजी करून टाकलं. ‘घासलं गेलं, पुसलं नाही,’ आबा म्हणाले. ख्रिस्ती लोकांनी हीच नावं जगभर नेली. ऑफिसातला आमचा जॉन मुळात योहानान — देवानं कृपा केली. काय सुंदर बोलतात आबा! ऐकतच राहावं.

१४ जानेवारी
संक्रांत. आईला मेसेज केला. वाचला तिनं. उत्तर नाही. बेनीशी लग्न केल्यापासून नागपूरहून एक शब्द नाही.

१९ जानेवारी
हॉस्पिटल. काल अचानक रक्त गेलं. डॉक्टर म्हणतात, ‘बस, लेटी रहिए.’ भीती वाटते.
आबांनी तिकडे लांब ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये, त्यांच्या प्रार्थनाघरात, फोन लावला, माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणून. ‘नाव शर्वरी. नाही, वेगळं हिब्रू नाव नाही, हेच.’ मग माझ्याकडे वळले — ‘आजाऱ्यासाठी मागताना आमच्यात आईचं नाव घेतात. सुमित्रा ना?’
मी मान हलवली. रडूच आलं.
‘शर्वरी, सुमित्राची लेक,’ त्यांनी सावकाश सांगितलं.
फोन ठेवला आणि म्हणाले, ‘आता आईचा नंबर दे. तिचं नाव न विचारता घेतलं मी. सांगायला हवं.’
‘ती उचलणार नाही, आबा.’
‘नाही तर नाही. मी लावतो.’

२० जानेवारी
रक्त थांबलं. बाळाचे ठोके छान!

२१ जानेवारी
दुपारी डोळा लागला होता. जाग आली तर उशाशी आई! नागपूरच्या गाडीनं आमच्या हबीबगंज स्टेशनवर उतरून थेट इथेच. आबांना म्हणत होती, ‘माझं नाव घेतलंत, मग मी यायला नको?’