नऊ मीटरचा रस्ता

४ मार्च, मंगळवार

नोटीस आली. हिच्या दुकानावर!

दुकान तरी कसलं — घराची पुढची खोली, एक आरसा, एक खुर्ची, रस्त्याकडे उघडणारं दार. शिपाई आला तेव्हा खुर्चीत गिऱ्हाईक होतं. एका हातात कात्री, दुसऱ्यात कागद. हिने वाचला, घडी घातली, आरशामागे खोचला आणि उरलेले केस कापले. एक बट वाकडी नाही.

गिऱ्हाईक गेल्यावर मी वाचला. "सदर मालमत्ता निवासी विभागात असून तेथे विनापरवाना व्यापारी वापर चालू आहे. तीस दिवसांत बंद करावा अथवा लेखी म्हणणे मांडावे."

तीस वर्षं ही दुसऱ्यांच्या पार्लरमध्ये उभी राहिली. पायांच्या शिरा सुजल्या. पंचावन्नाव्या वर्षी स्वतःचं दार उघडलं, त्याला अजून वर्ष नाही झालं. आणि हे!

मी आत गेलो. चहा केला. साखर घालायची राहिली. तिने तसाच प्यायला.

५ मार्च, बुधवार

मेहुणा येऊन गेला. त्याला बातमी कुठून लागते देव जाणे. "भावोजी, तुम्ही यात पडूच नका. आतला माणूस आहे आपला. एका फोनचं काम."

ही कैची पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझा आतला माणूस आतच राहू दे. मागच्या दाराने मी आजवर गिऱ्हाईकसुद्धा घेतलं नाही."

मेहुणा चिडला. "मग काय, हे भांडणार सरकारशी? जन्मभर बस चालवलेले?"

मी पेपर उघडला. पण लागलं.

७ मार्च, शुक्रवार

नगररचना विभाग. तिसरा मजला, जिन्याची रेलिंग हलते. काउंटरवर चष्मेवाल्या बाई. मी नोटीस पुढे केली. त्या म्हणाल्या, "आधी नकाशावर तुमचं घर शोधा काका, मग बोलू."

भिंतभर नकाशा. पिवळा, निळा, जांभळा, हिरवा. आणि मला घर सापडेना! एकतीस वर्षं या शहरात बस चालवली. डोळे मिटून कुठल्याही चौकातून कुठेही नेईन. पण वरून बघायची सवय कुठे? शहर नेहमी काचेतून पाहिलेलं. मागे रांग वाढली. एक जण म्हणाला, "आजोबा, आटपा."

आजोबा!

मग डेपो सापडला. त्यावर बोट ठेवलं आणि चौदा नंबर सुरू केली. डेपो, दवाखाना, डावीकडे वळण, पाण्याची टाकी, शाळा, पूल... मी बहुतेक मोठ्याने बोलत होतो, कारण मागची कुजबुज थांबली. पुलानंतर दुसरा उजवा, आणि बोट घरावर! रांगेतली एक म्हातारी लगेच म्हणाली, "माझंही शोधून द्या हो. नऊ नंबरचा शेवटून तिसरा थांबा." दिलं शोधून. मग आणखी दोघांचं. चष्मेवाल्या बाई पेन खाली ठेवून बघत होत्या.

आमचं घर मात्र पिवळ्यात. पिवळा म्हणजे निवासी. नोटीस खोटी नाही.

नियमावलीची प्रत घेऊन आलो. दोनशे बारा पानं.

९ मार्च, रविवार

चाळीस पानं झाली. एक वाक्य अर्धं पान चालतं. श्वास घ्यायला थांबा नाही. शाळा आठवीत सुटली ती आज चांगलीच आठवली.

पण एक गोष्ट कळली — पिवळा म्हणजे फक्त राहायचं, असं कुठेच लिहिलेलं नाही. पुढे याद्या आहेत. कुठे काय.

१० मार्च, सोमवार

सापडलं. सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

पान चव्वेचाळीस. "निवासी विभागात पुढील वापर अनुज्ञेय असतील." खाली यादी. दवाखाना, शिकवणी, शिवणकाम... आणि अकरावा — केशकर्तनालय. सरळ नाव घेऊन लिहिलंय. अनुज्ञेय.

हिला सांगितलं, की यादीत आपलं नाव आहे, नाही चालणार. दुपारी गेलो तर खुर्चीवर स्वतःच बसली होती, आरशात बघत. त्या खुर्चीत मी तिला कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. म्हणाली, "आरसा काढायला माणूस लागेल. एकट्याने काढू नका, कंबर धरून बसाल."

११ मार्च, मंगळवार

मी गाढव आहे! लिहून ठेवतो. मोठ्या अक्षरात. गाढव!

दुकान बंद करायचा अर्ज कसा करतात विचारायला काउंटरवर गेलो. बाई म्हणाल्या, बंद का करताय? मी पान उघडून दाखवलं. "हे बघा ना. अनुज्ञेय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा काढला. मग हसू आवरेना त्यांना. "अहो काका, अनुज्ञेय म्हणजे चालतं! परवानगी आहे!"

आता अशक्य म्हणजे होत नाही, अमान्य म्हणजे मान्य नाही. मग अनुज्ञेय हे चालतं कसं? "तुमचं बरोबर आहे," बाई म्हणाल्या, "पण आम्ही काय करणार, पुस्तक आधीचं आहे."

घरापर्यंत चालत आलो, बससाठी थांबायचं सुचलंच नाही. दारातूनच ओरडलो, "आरसा राहू दे!" खुर्चीत कोणीतरी होतं, अर्धं डोकं कापलेलं. दोघी दचकल्या. हिला समजावलं तर आधी हसली, मग पाठ वळवून बराच वेळ कपाटात काहीतरी शोधत राहिली.

बाईंनी एक मात्र बजावलंय — यादीखालच्या अटी वाचा.

१२ मार्च, बुधवार

अटी चार. तळमजला हवा — आहे. दार थेट रस्त्यावर हवं — आहे. खोली वीस चौरस मीटरच्या आत — आमची अकरा. रस्ता निदान नऊ मीटर रुंद.

शिलाईची टेप पुरेना. गवंड्याकडून मोठी आणली. एक टोक हिने धरलं, एक मी. आमच्या कुंपणापासून समोरच्या मास्तरांच्या भिंतीपर्यंत.

आठ मीटर चाळीस.

१३ मार्च, गुरुवार

पुन्हा मोजलं. आठ चाळीस.

१४ मार्च, शुक्रवार

साठ सेंटिमीटर गेले कुठे ते कळलं.

सकाळी गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो, बसच्या सीटवरून बघायचो तसा. तिथून दिसलं. त्या बाजूची सगळी कुंपणं एका रेषेत. फक्त मास्तरांची भिंत पुढे! आरशातून बोटभर अंतर पारखण्यात हयात गेली, मला टेप लागायला नको होती. मास्तर म्हणजे निवृत्त हेडमास्तर. गुलाबांच्या वाफ्यासाठी कधीतरी भिंत पुढे घेतली असणार.

मेहुण्याला कळलं. नाचायलाच लागला. "सापडला! यानेच तक्रार केली असणार तुमची. टाका त्याच्यावर अर्ज, बघा कसा सरळ होतो."

खरं लिहितो. मलाही वाटलं. अर्ज मनात लिहूनही झाला होता. शेवटची सहीच बाकी.

ही म्हणाली, "तक्रार कोणी केली माहीत नाही. त्यांची बायको माझी पहिली गिऱ्हाईक आहे, एवढं मला माहीत आहे." आणि मग, "तुम्ही पुस्तक पूर्ण वाचलंत का? रुंदी कुठून कुठे मोजायची ते लिहिलं असेल ना त्यात."

मला शिकवते! पण प्रश्न बरोबर.

१६ मार्च, रविवार

पान सात!! मी हे पान सोडून दिलं होतं. नुसत्या शब्दांच्या व्याख्या, कोण वाचतं?

"रस्त्याची रुंदी म्हणजे मंजूर आराखड्यात दर्शविलेली, मालमत्तांच्या हद्दींमधील रुंदी." जमिनीवर कोणी काय बांधलंय ते नाही. नकाशात काय आहे ते! उद्या नकाशा.

१७ मार्च, सोमवार

नऊ. नकाशात आमच्या रस्त्यावर बारीक आकडा आहे — ९.०. बाईंनी भिंग दिलं. शिक्का मारून उतारा दिला.

लेखी म्हणणं तिथेच बाकावर बसून लिहिलं. दीड पान. कुठेही "कृपा करून" लिहिलं नाही. पान, परिशिष्ट, अनुक्रमांक. बाईंनी वाचलं. "कोणी लिहून दिलं?" म्हणाल्या.

"मी."

"छान लिहिलंय."

जिना उतरताना रेलिंग धरली नाही.

१८ मार्च, मंगळवार

सुनावणीआधी निरीक्षक जागेवर येऊन मोजणार. म्हणजे मास्तरांची भिंत त्याला दिसणारच. आमचं काम झालं तरी त्यांच्यावर कागद निघणार.

मी गेलो त्यांच्याकडे. म्हटलं, "मास्तर, मी अर्ज वगैरे केलेला नाही. करणारही नाही. पण शुक्रवारी माणूस येतोय टेप घेऊन. तुम्हाला आधी सांगावं म्हणून आलो."

मास्तर लाल झाले. "चाळीस वर्षं मुलांना शिस्त शिकवली मी. तुम्ही मला नियम सांगणार?"

"मी नाही सांगत. पान सात सांगतं."

दार लावून घेतलं. धाडकन.

२० मार्च, गुरुवार

सकाळी ठोकण्याचा आवाज. मास्तर स्वतः, बनियनवर, हातात छिन्नी. भिंतीची वरची ओळ काढत होते. माझ्याकडे बघितलं नाही.

मी रस्ता ओलांडून गेलो आणि पडलेल्या विटा उचलून रचायला लागलो. दुपारपर्यंत दोघांनी भिंत जमिनीपर्यंत उतरवली. त्यांच्या बायकोने दोन पेले पाणी आणून ठेवलं. निघताना मास्तर म्हणाले, "तुमचं ते पुस्तक एकदा वाचायला द्या."

२१ मार्च, शुक्रवार

निरीक्षक आला. नऊ मीटर दोन. मास्तरांनी वरचे दोन सेंटिमीटर ऐकून मला डोळा मारला. हेडमास्तरांनी!

२७ मार्च, गुरुवार

सुनावणी. सगळं लिहितो, एकही गोष्ट विसरायची नाही.

ही इस्त्रीची साडी नेसून. मी जुना डेपोतला कोट. पुस्तकात जुनी तिकिटं खुणेला घातलेली. मेहुणाही आला, "मी फक्त बाहेर बसतो" म्हणत.

साहेब तरुण. वर न बघता म्हणाले, "निवासी विभाग आहे. व्यापारी वापर कसा चालेल? तुमचे वकील कुठे आहेत?"

"मीच बोलणार."

"तुम्ही काय करता?"

"बस चालवायचो. साहेब, पान चव्वेचाळीस उघडा. परिशिष्ट दोन. अकरावा नंबर."

साहेबांनी उघडलं. वाचलं. मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मी पुढे गेलो — तळमजला, दार, अकरा चौरस मीटर. दुसऱ्या अटीपर्यंत लागला सूर. ओळखीचा रस्ता लागावा तसा. रुंदीचं विचारलं तर पान सात, नकाशाचा उतारा, निरीक्षकाचा अहवाल, एकापाठोपाठ एक. निरीक्षकाने मान डोलावली.

साहेब हिच्याकडे वळले. "बाई, तुम्ही एकट्याच काम करता का तिथे? नक्की काय करता?"

"एकटीच. केस कापते," ही म्हणाली. "तुमचेही नीट केले असते. मागे डावीकडे जरा वर गेलेत."

साहेबांचा हात आपोआप मागे गेला, आणि ते हसले. टेबलाभोवतीचे सगळे हसले.

"नोटीस मागे घेत आहोत. तसा लेखी आदेश निघेल."

बाहेर मेहुणा उभा होता. दाराला कान लावून सगळं ऐकलं होतं त्याने. "भावोजी," म्हणाला, आणि पुढे काही सुचलं नाही त्याला. आमच्या लग्नापासून पहिल्यांदाच!

येताना बसने आलो. चौदा नंबर. खिडकीची सीट हिला दिली. पुलावर आल्यावर ती म्हणाली, "अनुज्ञेय." नुसतंच. आणि पुढचे तीन थांबे दोघंही हसत होतो. ड्रायव्हर आरशातून बघत होता. बघू दे! म्हटलं, बघ बाबा, ही माझी बायको.

४ एप्रिल, शुक्रवार

आदेश आला. हिने काचेत घालून आणला आणि भिंतीवर लावला. खाली माझं नाव असायला हवं होतं असं ती गिऱ्हाइकांना सांगते. मी आतल्या खोलीत असतो, पण ऐकू येतं.

१२ एप्रिल, शनिवार

वरच्या गल्लीतला शिंपी विचारायला आला. त्याचा रस्ता सहा मीटर. त्याच्यासाठी वेगळं कलम आहे, पान एक्कावन्न. त्याला अर्ज लिहून दिला नाही. शेजारी बसून त्याच्याकडूनच लिहून घेतला.

६ मे, मंगळवार

पेपरात आलं, शहराचा नवा आराखडा निघालाय. अजून कच्चा आहे, पक्का व्हायचाय. सकाळीच जाऊन पाहून आलो. आमचा रस्ता त्यात पंधरा मीटर दाखवलाय. दोन्ही बाजूंची तीन-तीन मीटर जाणार. हिचं दुकान जातं. मास्तरांचा व्हरांडा जातो. गल्लीत कोणाचीच पुढची खोली राहत नाही. हरकत घ्यायला साठ दिवस.

संध्याकाळी बेल वाजली. दार उघडलं. बावीस घरांची माणसं रस्त्यावर उभी, पुढे मास्तर, आणि सगळी माझ्याकडे बघत होती. मागून ही म्हणाली, "अहो, आत घ्या ना सगळ्यांना."