तिसऱ्या वळणावरची भिंत

१४ मार्च, शनिवार

मिलीनं आज नेलंच शेवटी. माझी भाची, गाड्यांच्या शर्यतीच्या त्या नव्या सिम्युलेटर सेंटरमध्ये कामाला आहे. "नेलीआत्या, ये तर! आपलं सर्किट घातलंय पोरांनी त्यात."

खुर्ची, स्टिअरिंग, खाली पेडलं, समोर तीन पडदे. बाजूला फोर्डवाले आणि शेव्हरोलेवाले एकमेकांच्या आया उद्धरत होते. मला परवानासुद्धा नाही! तरी बसले.

आणि आपलंच गाव! धान्याच्या टाक्या, पॉप्लरच्या झाडांची रांग, प्रेक्षकांचा जुना स्टँड. पहिलं वळण, दुसरं... तिसऱ्यावर भिंत. पांढरी. स्वच्छ. ना ओरखडा, ना काळा डाग. पोरांनी जुन्या फोटोंवरून केलंय म्हणे, माझा फाकुंदो जायच्या आधीच्या.

पाय आपोआप उचलला गेला. गाडी थांबली. माझा मुलगा अजून त्या भिंतीपर्यंत आलेलाच नव्हता.

"आत्या, उतरतेस?"
"थांब."

मागं इंजिनाचा आवाज यायचा, की मी वळून बघायचे.

१५ मार्च

नवऱ्याला, अटिलिओला सांगितलं, केस कापायला गेले होते. "कापलेले दिसत नाहीत!" म्हणाला आणि कडू माते-चहा पीत बसला. नऊ वर्षं झाली, या घरात पोराचं नाव निघत नाही. पोराची शर्यतीची गाडी तोच तयार करायचा; त्या गॅरेजला कुलूप घातलं, तसं तोंडालाही.

२१ मार्च

पुन्हा गेले. पुन्हा तिथंच थांबले. मिली रडायलाच लागली. "आत्या, काकांनी शपथ घातलीय, पण... तेही येतात गं. दर गुरुवारी. तेही इथंच थांबतात."

गुरुवारी तो क्लबात पत्ते खेळायला जातो, असं मी समजत होते!

२६ मार्च, गुरुवार

हळूच सेंटरमध्ये शिरले, अटिलिओच्या मागं उभी राहिले. काय सुरेख चालवतो अजून! पण तिसऱ्या वळणाआधी ब्रेक. उभा. परत सुरुवातीपासून. परत ब्रेक.

खांद्यावर हात ठेवला. दचकला नाही.

"इथं ब्रेक दाबला की थांबते गं गाडी, नेली," पडद्याकडे बघतच म्हणाला. "दर वेळी थांबते."

गावानं तेव्हा काय काय म्हटलं होतं! "पोरगं माजलं होतं. ब्रेकला पायच लावला नाही त्यानं." भर बाजारात बायकांशी भांडले होते मी. हा माझ्या शेजारी पिशवी धरून उभा होता, गप्प.

'दर वेळी थांबते' म्हणजे काय, ते विचारायचं धाडस घरी येईपर्यंत झालं नाही.

२७ मार्च

झोप नाही. तोही जागाच. दोघं छताकडे बघत.

२९ मार्च, रविवार

सकाळी स्वतःच बोलला. त्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी फाकुंदो त्याला म्हणाला होता — "पप्पा, ब्रेक मऊ लागतोय, बघ ना जरा." यानं हसून उडवून लावलं — "भित्रा कुठला! चल, झोप जा."

दुपारी क्लबात भरल्या टेबलांसमोर उभं राहून त्यानं हेच सगळ्यांना सांगितलं. मी बरोबर गेले होते. परत मात्र एकटी आले, आणि घराला आतून कडी लावून घेतली.