तळ्याकाठचा टॉवेल

कात्रज, पुणे
मंगळवार, १२ ऑगस्ट

चि. सौ. शेफालीस,
अनेक आशीर्वाद.

घरातल्या सगळ्यांचे नंबर तू बंद करून टाकलेस असं सौरभ म्हणाला, म्हणून हे पत्र कुरिअरने अमरावतीला पाठवतेय. लग्नानंतर मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

इकडे सर्व ठीक. आत्याबाईंचा गुडघा पुन्हा सुजलाय, तोंड मात्र शाबूत आहे. मार्केट यार्डात आल्याचा भाव पडलाय, त्यामुळे हे घरी आले की आमच्याशी बोलत नाहीत, टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडतात. तुझ्या खोलीतल्या कुंड्यांना मी पाणी घालते. मोगऱ्याला कळ्या धरल्यात. गणपती तोंडावर आलेत आणि आत्याबाईंनी गौरींचे मुखवटे आत्तापासूनच काढून पुसायला घेतलेत. काल पुसता पुसता म्हणाल्या, "एक सून हितं, एक सून तिथं. लोकं काय म्हनतील?"

तर मुद्द्याचं. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी भावकीतले थोरले म्हणून गेनबाकाकांनी आपल्याकडे बैठक बोलावलीय. तुझ्या बाबांनाही निरोप गेलाय. "चार माणसांत विषय मिटवू," म्हणतात. मिटवू म्हणजे काय ते तुला माहीत आहे. तुझे बाबा जन्मभर शाळेत शिकवलेला माणूस. त्यांना आपल्या सोफ्यावर मधोमध बसवतील आणि विचारतील, गुरुजी, तुमची पोरगी जर्मनीत काय करत होती? मला तो विचारही सहन होत नाही गं.

म्हणून म्हणते, त्याआधीच येऊन जा. आत्याबाईंच्या पाया पड, चुकलं म्हण, संपलं. त्या वरून काटेरी आहेत, पण मनात धरत नाहीत. बैठक आपोआप रद्द होईल. तुझा सौरभही मग बोलायला लागेल. घरात नुसता भुतासारखा फिरतोय.

तू म्हणशील, ताई, टॉवेल तर तुमचा.

हो, माझा. तुझ्यापाशी काय लपवू? तू मला घ्यायला आली होतीस तेव्हा विमानतळावरून येताना गाडीत मीच तुला सगळं सांगितलं होतं आणि आपण दोघी तोंडाला पदर-ओढणी लावून हसलो होतो. धुणंवाल्या वेणूबाईंनी तो नेमका गच्चीच्या पुढच्या कठड्यावर वाळत घातला आणि नेमके त्याच दिवशी गेनबाकाका चहाला आले, यात माझा काय दोष? त्यावरचं ते गोलमटोल उघडंवाघडं कुटुंब, हात धरून उड्या मारणारं, काकांना खालूनच दिसलं. मग सौरभने टॉवेलवरचं नाव मोबाइलवर टाकून पाहिलं आणि निघालं काय, तर कपडे न घालता राहायचा कॅम्प. जर्मनीत. तू एप्रिलमध्ये ऑफिसच्या कामाला जर्मनीत एकटी गेली होतीस, तेवढं सगळ्यांना पुरलं. मी जूनमध्ये पोरीच्या, नंदूच्या, तिकडच्याच पदवीदानाला गेले होते, हे कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. भाजी फोडणीला टाकली होती, बाहेर काय चाललंय ते धड ऐकू आलं नाही. आले तोवर बोलणं फार पुढे गेलं होतं.

माझ्या वयाचा विचार कर. नंदूचं लग्न व्हायचंय. आता या वयात हे उघड झालं तर मी तोंड कुठे दाखवू? तुझं तसं नाही. तुम्ही शिकलेल्या, कमावत्या पोरी, तुम्हाला कुणी फार काळ बोलत नाही. एक शब्द म्हणून टाक. तुझे उपकार मी विसरणार नाही.

बाबांना नमस्कार सांग. तब्येतीला जप.

तुझीच,
शालूताई


कात्रज, पुणे
मंगळवार, १९ ऑगस्ट

शेफाली,

तुझा निरोप नंदूच्या मोबाइलवर आला आणि तिने मला फोन करून वाचून दाखवला. "ताईंना म्हणावं, माफी मागते. फक्त कशाची मागायची तेवढं लिहून द्या."

नंदू फोनवरच भडकली. तिला टॉवेलचं प्रकरण मी सांगितलंच नव्हतं. "आई, तू शेफालीकाकूला असं करू दिलंस?" म्हणाली आणि फोन ठेवला. अजून उचलत नाही. तर तू मागितलंस ते लिहून देते. सगळं.

नंदूने तळ्याकाठी तंबूची जागा घेतली होती, तळ्याचा फोटो पाहून. खालचं वाचलं नाही. आम्ही बस बदलत बदलत सामान ओढत दारात पोहोचलो, तर तिथल्या बाईने आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं आणि नंदूला काहीतरी विचारलं. नंदूचा चेहरा लालबुंद. म्हणाली, "आई, इथे कुणी कपडे घालत नाहीत. चल, परत जाऊ." परतीची बस दुसऱ्या दिवशी. बाई भली होती. म्हणाली, नव्या माणसाला पहिल्या दिवशी कुणी घाई करत नाही. बाकी नियम साधे. कुठेही बसायचं तर आपला टॉवेल अंथरून बसायचं. फोटो काढायचे नाहीत. कुणाकडे टक लावून बघायचं नाही. गार वाटलं तर खुशाल कपडे घाला. आमच्याकडे जाड टॉवेल नव्हता, म्हणून तिच्याच दुकानातून तो घेतला.

आम्ही तंबूच्या खुंट्या ठोकायला दगड शोधत होतो, तर शेजारचे आजोबा हातोडी घेऊन आले. अंगावर टोपी आणि सपाता, बास. त्यांनी मान लववली, मी सवयीने नमस्कार केला. नजर कुठे ठेवायची? मी ती टोपीवर ठेवली. खुंट्या ठोकून होईस्तोवर त्या टोपीचा टाका न् टाका मला पाठ झाला.

तो दिवसभर मी पंजाबी ड्रेस घालून तंबूत घामाघूम बसले होते आणि फटीतून बघत होते. मला वाटलं होतं, काहीतरी भलतंच असेल. काही नव्हतं गं. एक बाई बटाटे सोलत होती. दोन म्हाताऱ्या पत्ते खेळत होत्या आणि त्यातली एक लबाडी करत होती. एकीच्या पोटावर ऑपरेशनची आडवी खूण. एकाचं पोट आपल्या गेनबाकाकांएवढं. कुणी सुंदर नव्हतं म्हटलं तरी चालेल. मला हसू आलं आणि मग रडू आलं, का ते अजून कळलेलं नाही.

आता तुला एक सांगते, ते गाडीत सांगितलं नव्हतं. मी या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी मोरीचं दार वाजवलं होतं. "परकर बांधूनच अंघोळ करायची हां. बाईनं उघड्यानं अंघोळ करू नये." तेव्हापासून आजतागायत मी छातीवर परकर बांधून अंघोळ करते. दार बंद, कडी लावलेली, आत मी एकटी, तरी. मला माझंच पोट कसं दिसतं हे माहीत नव्हतं. तू आलीस, बाथरूमला आतून कडी लावून गाणी म्हणत अर्धा तास अंघोळ करायचीस आणि मी बाहेर कणीक मळताना पुटपुटायचे, काय बाई एकेक. तो राग नव्हता, जळत होते मी.

दुसऱ्या दिवशी पहाटे नंदू झोपलेली असताना मी तळ्यावर गेले. गाऊन घालूनच उतरले, तर पाण्यात तो पुरीसारखा टम्म फुगला. दाबला तर इकडून वर, तिकडून वर. शेवटी वैतागून काढला आणि काठावर फेकला. मग मी तशीच पाण्यात उभी राहिले. कालची लबाडी करणारी म्हातारी पोहत शेजारून गेली, "गुड मॉर्निंग" म्हणाली आणि पुढे गेली. बघितलंसुद्धा नाही. अगं, खरंच कुणी बघत नव्हतं! आपल्या कात्रजच्या चौकात अंगभर पदर घेऊन उभी राहिले तरी चार जण बघून जातात.

नंदू उठून आली तेव्हा मी टॉवेलवर ऊन खात बसले होते. आधी ती तोंड फिरवून उभी राहिली, मग म्हणाली, "आई, पाठीला क्रीम लाव, भाजशील." त्या दिवशी बस आली आणि गेली. आम्ही पुढचे सगळे दिवस तिथेच राहिलो. नंदू शेवटपर्यंत कपड्यांत, मी नाही. सकाळी पाव आणायच्या रांगेतसुद्धा मी तशीच उभी होते, हातात पिशवी आणि कपाळाला टिकली. मी कुणाच्या नादाने केलं नाही, मला कुणी फसवलं नाही. मला आवडलं. इतकं बरं मला आयुष्यात फार कमी वेळा वाटलंय. म्हणून तर तो टॉवेल टाकवला नाही.

हे झालं माझं सुख. त्याचा भुर्दंड तू भरलास.

आता खरं लिहिते. पहिल्या पत्रात मी स्वयंपाकघरात होते असं लिहिलं, ते खोटं. मी दारात उभी होते. सौरभने तुला विचारलं, तू म्हणालीस, "माझा नाही." तो म्हणाला, "मग कुणाचा?" आणि तू माझ्याकडे बघितलंस. तू बोट दाखवलं नाहीस, नाव घेतलं नाहीस, फक्त वाट बघितलीस. मी काय केलं? आत्याबाईंचा हात धरला आणि म्हणाले, "जाऊ द्या, लहान आहे, चुकली. एवढं पदरात घ्या." सगळ्यांना वाटलं, थोरली किती समजूतदार! त्या एका वाक्याने तुझा निकाल लागला. ते मी बोललेच नसते तर सौरभला निदान शंका तरी राहिली असती. तू वर जाऊन बॅग भरलीस आणि मी तुझ्यासाठी डब्यात पोळ्या भरत होते. इतकी मी नीच.

रविवारी संध्याकाळी गेनबाकाका बैठकीचं ठरवायला आले, तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं. "टॉवेल माझा. मी तिथे राहिले. शेफाली कधीच गेली नाही." म्हटलं, आता आभाळ कोसळणार.

काही कोसळलं नाही. आत्याबाई म्हणाल्या, "आगं, तुला काय कळतंय त्यातलं? पोरीनं नेलं, तू गेलीस." हे म्हणाले, "हिला इंग्रजी येत नाही, कुठं नेलं ते हिला उशिरा कळलं असणार." मी ओरडून सांगतेय की मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि काका हसतायत. "थोरली सून हाय, तिचं काय मनावर घ्यायचं! देवभोळी बाई." चहा आला. बैठक रद्द झाली. जाताना काका म्हणाले, "धाकटीला कळवा, झालं गेलं माफ केलं. गौरीला यावं म्हनावं."

तुला माफ केलं, शेफाली! तू न केलेल्या गोष्टीबद्दल. आणि मी केली तर ती गंमत झाली.

एकटा सौरभ हसला नाही. सगळे उठल्यावर म्हणाला, "वहिनी, त्याच वेळी का नाही बोललात?" मी भीतीचं कारण सांगणार होते, पण तोंडातून खरं निघून गेलं. म्हणाले, "तुझ्या बायकोबद्दल सांगितलं की तुम्हा सगळ्यांना लगेच पटतं, हे मला माहीत होतं. म्हणून." त्यानेही तुला काय काय विचारलं असेल, ते त्याला आठवत असणार. आज तो अमरावतीला निघालाय, हे पत्र त्याच्याच हाती देतेय. त्याला दारात उभा ठेवायचं की आत घ्यायचं, ते तू बघ. मी त्याची वकिली करणार नाही, माझीही नाही.

मागच्या पत्रात मी तुला ये म्हटलं होतं. ते फाडून टाक. या माफीवर तू आलीस तर तू काहीतरी केलं होतंस हे कायमचं पक्कं होईल, आणि तुझ्या बाबांना ते जन्मभर ऐकावं लागेल. मी आज सकाळी आत्याबाईंना सांगितलं, की तुम्ही, हे आणि काका अमरावतीला जाऊन गुरुजींसमोर चुकलं म्हणा. तोवर मी गौरी उभ्या करणार नाही. मुखवटे त्यांच्या मांडीवर होते. त्या ताडकन उठल्या, गुडघा विसरून. काय काय बोलल्या ते लिहीत नाही. बेशरम म्हणाल्या, कुळाला बट्टा म्हणाल्या, आणि दुपारी माझ्या हातचं जेवल्या नाहीत. आता कुठे त्या माझ्यावर चिडल्यात. तुझ्या वाटणीचं होतं ते थोडं माझ्याकडे आलं. मला रडू येतंय, पण बरंही वाटतंय.

मी तुझी माफी मागत नाही. इतक्या लवकर मागितली तर ती तुझ्यावर आणखी एक ओझं होईल. तू म्हणालीस तर अमरावतीला येईन आणि बाबांसमोर उभ्याने सगळं सांगेन.

यावेळी आशीर्वाद लिहीत नाही. मोठेपणाचं काही माझ्याकडे उरलेलं नाही.

तुला येऊ नकोस म्हणणारी,
आणि दारात रिक्षा थांबली की धावत जाऊन बघणारी,
शालू