देवाशी भांडायचं कोणी

मस्कत,
शुक्रवार, ३० एप्रिल २००४

तीर्थरूप आप्पांस,
सदूचा नमस्कार, तुम्हाला आणि आईला.

मी बरा आहे. खोलीत सहा जण आहोत, पंखा चालतो. सुरमई मिळते इथे, पण जयगडच्या सुरमईची चव नाय, मसाल्याचा दोष असेल. कलमं कशी आहेत? मोहोर गळला म्हणून ऐकलं. वासरू मोठं झालं काय?

फोनवर बोललो असतो, पण फोन शिवाच्या दुकानात. बाकड्यावरचे सगळे कान लावून बसतात. मागच्या वेळी तुम्ही नुसतं "बरंय, बरंय" म्हणालात आणि ठेवून दिलात. म्हणून लिहितोय. माझं शिक्षण सातवी, चुकलंमाकलं समजून घ्या.

मुबीन दर शुक्रवारी येतो माझ्याकडे. आज नाय आला. गेल्या खेपेला त्याने सगळं सांगितलं. शिमग्यात पालखी त्यांच्या खळ्यात गेली, त्याच्या बाबांनी, म्हणजे शरफूचाचांनी, दरवर्षीसारखं देवाला खडसावलं, आणि वरच्या वाडीची जी पोरं मुंबईहून आलेली, त्यांनी ठाण्यावर तक्रार दिली की मुसलमानाने आमच्या देवाला शिव्या घातल्या. भावना दुखावल्याचं कलम लागलं. चाचा आठवडाभर कोठडीत होते, आता जामिनावर आहेत. साठी ओलांडलेला माणूस.

ती पोरं मुंबईत वाढली, त्यांना कोण सांगणार? मला तुम्ही सांगितलं होतंत. पालखी तुमच्या खांद्यावर, मी तुमचं धोतर धरून. मी विचारलं, "चाचा देवाला ओरडतो कशाला?" तुम्ही म्हणालात, "आपण त्याची लेकरं, आपलं तोंड उघडत नाय. शेजारी बोलला की देवाला लाज वाटते." चाचा मग एकेका घराचं दुखणं काढायचे. कुणाची विहीर आटली, कुणाची म्हैस मेली, हौसाकाकीची पोर सासरहून परत आली. प्रत्येकाला आपण सगळे ओरडायचो, "व्हय महाराजा!" मग नारळ फुटायचा आणि चाची सगळ्यांना सरबत द्यायची.

यंदा चाचा काय बोलले ते मुबीनने मान खाली घालून सांगितलं. "सावित्रीचा पोर परमुलखात पाय मोडून बसलाय, ती रडून रडून अर्धी झाली, आणि तू पालखीत झुलतोस! डोळे फुटले काय तुझे?"

आप्पा, तक्रारीत हेच वाक्य आहे. आईचं नाव, आणि माझा पाय.

डिसेंबरात मी परांचीवरून पडलो. तुम्हाला कळवलं नाय, तुम्ही परत बोलावलं असतंत. मुबीनने त्याच्या घरी कळवलं, तिकडून तुम्हाला समजलं. आता पाय टेकतो. लंगडतो थोडा, पण कामावर जातो, आईला सांगा.

मुबीन म्हणतो, त्याच्या बाबांनी आपल्या मनाने माझं दुखणं काढलं नव्हतं. पालखी खळ्यात टेकली तेव्हा तुम्ही त्यांच्या कानाशी लागलात. "शरफू, माझ्या पोराचं पण बोल रे." खरं काय? आणि ठाण्यावर तुम्ही सांगितलंत, "मी पाठी होतो, मला काय ऐकू आलं नाय."

मी तुम्हाला बोल लावत नाय. भीती मला पण वाटते. मुबीनने हे सांगितलं त्याच दिवशी चहा करताना स्टोव्हवर माझा हात भाजला आणि तोंडातून शरफूचाचाच निघाला. "देवा, डोळे फुटले काय तुझे?" मुबीनने माझं तोंड दाबलं.

"गप रे! इथे देवाला असं बोलतात? कोणी ऐकलं तर आत टाकतील."

"मी माझ्या देवाला बोललो."

"इथे कोण विचारतंय कुणाचा ते!"

आम्ही दोघं खूप हसलो. मग तो एकदम थांबला. चहा अर्धा टाकून गेला.

तेव्हापासून माझं डोकं चालत नाय. मी इथे बोललो तर गुन्हा, कारण देव यांचा. चाचा तिथे बोलले तर गुन्हा, कारण देव आपला. मग देवाशी भांडायचं कोणी, आणि कुठे जाऊन? बरं, कायदाच नको असं पण म्हणवत नाय. उद्या कोण खरंच देवळात घाण करायला आला तर? त्या पोरांना खरंच वाईट वाटलं असेल. नसेल पण. मला इथून काय कळणार. वाईट मला पण वाटतंय, पण ते कुठल्या ठाण्यावर सांगू?

चाचांचे वकील म्हणतात, सगळं एका गोष्टीवर आहे. चाचा मुद्दाम अपमान करायला बोलले, की गावानेच त्यांना बोलायला लावलं. कानाशी कोण लागलं ते चाचांनी अजून कुणाला सांगितलेलं नाय, फक्त मुबीनला. वकिलाला पण नाय. पुढच्या महिन्यात फौजदार परत जबाब घ्यायला येणार आहेत.

तुम्ही खरं सांगितलंत तर वरची वाडी बोलायची बंद होईल. पालखीला पहिला खांदा आपला, तो पण काढून घेतील. आजोबांपासूनचा मान. तो गेला तर तुम्ही शिमग्यात उभे कुठे राहाल ते माझ्या डोळ्यांसमोर येतं. म्हणून "जा आणि सांगा" असं लिहिलं आणि खोडलं. वर काळं दिसतंय ते तेच. परत लिहिलं, परत खोडलं.

मी सांगत नाय, एक विचारतो. चाचा माझं बोलून थांबले तेव्हा "व्हय महाराजा" आधी कोण म्हणालं? चाची दारात उभी होती. ती म्हणते, सगळ्यांच्या आधी आप्पांचा आवाज आला, आणि तो रडका होता.

आईला हे सगळं वाचून दाखवा. पत्र वाचताना तुम्ही मधलं गाळता, तिला ते कळतं, पण ती बोलत नाय. कानाशी लागलात ते पण वाचा.

मुबीन आज का आला नाय ते मी स्वतःला विचारत बसलोय. चहाचं आधण ठेवलंय, दोघांचं.

ज्याच्यासाठी शरफूचाचा देवाशी भांडले,
तो तुमचा
सदू