बंदराच्या फाटकावर

व्हॅलेटा,
माल्टा, १८ फेब्रुवारी १९४२

ती. तोनिनाताईस,
वेन्झूचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तू पाठवलेलं शेळीचं चीज पोचलं. थोडं पोलीस ठाण्यात वाटलं, उरलेलं भुयारात बसून एकट्याने खाल्लं. पाप लागलं तर लागो. हवाई हल्ल्याचा भोंगा इतक्यांदा होतो की हल्ली शेळ्याही आमच्याआधी भुयाराकडे वळतात. पावात पीठ किती आणि बटाटा किती, ते भट्टीवाला जाणे.

स्पिरूकाकांना नेलं, हे तुमच्या गोझो बेटावरही कळलं असेलच. इटालियन शिकवायचे, सज्जात उभे राहून इटालियन गाणी म्हणायचे, एवढ्यावर, इटलीशी युद्ध लागल्यावर, इंग्रज सरकारने दीड वर्ष डांबून ठेवलं होतं. ना आरोप, ना खटला. आता इतरांबरोबर जहाजावर चढवलं. कुठे नेणार, कुणालाच ठाऊक नाही. बंदरावर पहारा माझाच होता. माझ्या बाप्तिस्म्याला ज्यांनी मला हातात धरलं, त्यांच्यावर मीच पहारा केला, यावर तू काय म्हणशील ते इथवर ऐकू येतंय. प्रकृती बरी वाटली. अंगात ओव्हरकोट होता. बाकी विशेष नाही.

सालवूभाऊजींना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
वेन्झू


नादुर, गोझो,
६ मार्च १९४२

चि. वेन्झूस,
अनेक आशीर्वाद.

टोमॅटो सुकवून ठेवले आहेत, होडी सुटली की पाठवते. सालवू म्हणतो, साहेबाची टोपी चढवल्यापासून मेहुणा आजोबांसारखा दिसतो. मी म्हटलं, दिसू दे, तसा कडक वागला नाही म्हणजे मिळवली.

आता खरं बोल. लहानपणी मडकं फोडलंस की तू असंच ‘विशेष नाही’ म्हणायचास. काकांना धरलं ते जूनच्या उकाड्यात, अंगात नुसता सदरा होता. ओव्हरकोट फिलुमेनाकाकूच्या कपाटात होता. मग तो बंदरावर चालत आला का? काकू आली होती ना? भेटू दिलंस ना तिला?

लगेच लिही. रागावले तरी तुझीच आहे.

तोनिना


व्हॅलेटा,
२७ एप्रिल १९४२

ती. ताईस,
सा. नमस्कार.

तुझं पत्र इतके दिवस खिशात घेऊन हिंडलो.

काकू आली होती. जहाज थंडीच्या मुलखात जाणार की उन्हाच्या, कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो जड कोट उचलून चढउताराने धापा टाकत आली. नातेवाइकांना आत सोडायचं नाही असा हुकूम होता. आधी तिने गोडीने विचारलं. मग फटकारलं, की मेल्या, तुझं शेंबडं नाक या हातांनी पुसलंय, आणि मलाच अडवतोस? मी फाटकात आडवा उभा राहिलो. इंग्रज इन्स्पेक्टर लांब जहाजाकडे तोंड करून उभा होता. क्षणभर सोडलं असतं तर त्याला पत्ताही लागला नसता, हे मला तेव्हाच दिसत होतं. तरी हललो नाही. कोट तेवढा घेतला आणि काकांच्या हातात दिला. ती बाहेर उभी आहे, हे त्यांना सांगितलं नाही. ते मागे वळले असते, आरडाओरडा झाला असता, नोकरी गेली असती. वाटलं, परत येतीलच की लवकर.

गेल्या आठवड्यात त्यांच्या गल्लीवर बॉम्ब पडले. ढिगारा उपसायला आमचीच तुकडी होती. काकू जिन्याखाली सापडली. तिला उचलून मीच बाहेर आणलं.

आता हव्या तेवढ्या शिव्या दे. पण पत्र थांबवू नकोस.

वेन्झू


युगांडा,
९ जुलै १९४२

चि. वेन्झूस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

आम्ही आफ्रिकेत सुखरूप आहोत. वाटेत थंडी होती तेव्हा कोटाने जीव वाचवला. इथे त्याची उशी केली आहे. मच्छरांना मी इटालियन क्रियापदं शिकवतो, तुझ्यापेक्षा लवकर शिकतात.

एकच सल आहे. फिलुमेना निरोपाला आली नाही. मला धरलं त्या सकाळी आम्ही क्षुल्लक कारणावरून भांडलो होतो, नंतर कुणी भेटू दिलंच नाही, तो राग तिने धरला असेल. कोट पाठवला, म्हणजे अगदीच टाकलं नसावं. तिची पत्रं येत नाहीत. तू जा, तिची समजूत काढ. तू आमच्या घरचाच आहेस, तुझं ऐकेल.

तिच्या हातची दोन ओळींची खुशाली मिळाली, तरी मला पुरे.

तुझा,
स्पिरूकाका


नादुर, गोझो,
१२ ऑक्टोबर १९४२

चि. वेन्झूस,
आशीर्वाद.

काकांचं पत्र वाचून परत पाठवते आहे. सालवूला वाचून दाखवायला गेले, अर्ध्यावरच घडी घातली. मागच्या पत्रात मी तुला काय काय बोलले ते विसर. माझं ऐक, काकू गेली एवढंच कळव. फाटकाचं राहू दे. म्हाताऱ्याला परमुलखात एक दुःख पुरे आहे, दुसरं कशाला? देव सगळं जाणतो. तू जेवत जा.

तुझी,
ताई


व्हॅलेटा,
३ नोव्हेंबर १९४२

ती. स्पिरूकाकांस,
वेन्झूचा साष्टांग नमस्कार.

काका, आधी बसून घ्या. फिलुमेनाकाकू एप्रिलमध्ये बॉम्बहल्ल्यात गेली. दफन रीतसर झालं, मी हजर होतो.

ताई म्हणते एवढंच लिहावं. पण एवढंच लिहिलं, तर ती रागावून गेली असंच तुम्ही मरेपर्यंत समजाल. ती आली होती. कोट स्वतः घेऊन आली. फाटकावर तिला अडवणारा मी होतो. सोडता आलं असतं, मी सोडलं नाही. बोट धक्का सोडून बाहेर पडेपर्यंत ती तटावर चढून डोक्यावरचा रुमाल हलवत होती. तुम्ही पाठमोरे बसला होतात. कोट माझ्या हातात देताना तिने बजावलं होतं, की त्यांना सांग, मी इथे उभी आहे, एकदा वळून बघा म्हणावं.

मी सांगितलं नाही.

लोभ मागायला तोंड नाही. उत्तर आलं नाही, तर ते उत्तरच समजेन.

वेन्झू