दादाचं वजनदार लाकूड

ती. वहिनींस,
धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. खोकला कसा आहे? लेकीकडची हवा मानवली असेलच. जावई सकाळचा पहिला चहा स्वतः करून तुमच्या हातात देतात असं कळलं. ऐकून बरं वाटलं आणि आमच्या घराण्याची लाजही वाटली. इकडे सगळं ठीक, म्हणजे दादा ठणठणीत आहे आणि बाकीचे आम्ही त्याला सोसतो आहोत. तुम्ही गेल्यापासून त्याने आमच्या स्वयंपाकघरालगतच्या खोलीत मुक्काम ठोकला आहे. बरं, एकटा आला असता तरी चाललं असतं. येताना तो सरपणाचा अख्खा ढीग घेऊन आला. हो, तोच ढीग, ज्याच्या धुराने तुम्हाला स्वतःच्या घरातून हाकलून लावलं.

तुम्ही त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी साक्षीला होतो. झाड कालव्याकाठी पडलेलं, कोवळ्या फांद्या पिवळट आणि वेताच्या छडीसारख्या वाकणाऱ्या, काटक्यांना चिकटून राहिलेली वाळकी पानं लांबट, निमुळती, खालून पांढुरकी. हा विलो आहे, याच्या बॅटी होतील, ऊब व्हायची नाही, असं तुम्ही म्हणालात. दादा म्हणाला, ओक, रात्रभर निखारा धरणारं कठीण लाकूड. का? तर सालीला खोल भेगा आहेत आणि ओंडका जड आहे! अहो, हा माणूस जन्मभर ट्रकच्या वजनकाट्यावर बसला. (आमच्या लग्नात त्याने माझ्या सासऱ्यांना पाहून आधी अंदाजे किलो सांगितले होते, मग नमस्कार केला होता.) जड ते अस्सल आणि हलकं ते नकली, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. ओंडका घेऊन तो जुन्या काट्यावर गेला, वजन करून आला आणि जग जिंकल्यासारखा मिशीत हसला. झाड नुकतंच पडलेलं, अर्धं पाण्यात लोळलेलं, आतून चिंब! ओला टॉवेलसुद्धा जड लागतो, म्हणून कोणी त्याची तुळई करत नाही. पण हे त्या शहाण्याला सांगायचं कुणी? शेगडीत लाकडं फुसफुसली, टोकांना फेस आला, खोली धुराने भरली, तुम्ही खोकून खोकून लालबुंद झालात, आणि हा म्हणतो, ओक पेटायला वेळ घेतोच. शेवटी तुम्ही म्हणालात, चुकलो म्हणा, नाहीतर मी निघाले लेकीकडे. तेव्हा या महाभागाने काय करावं? तुमची पिशवी उचलली आणि तिचं वजन सांगितलं!

आमच्या परसात त्याने ढीग रचला तो मात्र देखणा, खोटं कशाला बोलू. ढीग ढासळू नये म्हणून त्याच झाडाच्या चार ओल्या फांद्या चार कोपऱ्यांना जमिनीत ठोकल्या. थंडी सरली आणि त्या खुंटांना पालवी फुटली. विलोची फांदी कुठेही खोचा, मुळं धरते, हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. तुमच्या जावेने त्याला हाताला धरून परसात नेलं, पान उलटं करून पांढरी बाजू दाखवली. दादाने चष्मा पुसला, पान पाहिलं आणि जाहीर केलं की ओलाव्यात ओकची रुंद पानं अशी लांबतात. तेव्हापासून तुमची जाऊ त्याच्याशी फक्त भात हवा का, एवढंच बोलते.

पण खरा कहर परवा झाला. उन्हाळाभर उन्हात आणि पावसाळाभर पत्र्याखाली लाकडं कडक वाळली. आता थंडी पडू लागली म्हणून दादा एक ओंडका आत आणायला गेला, नेहमीच्या जोराने उचलायला गेला, तर ओंडका रिकाम्या खोक्यासारखा वर आला आणि दादा मागच्या मागे आपटला. उठला तो थेट काट्यावर. वजन निम्म्यावर! पाणी उडून गेलं, हे कोणाच्याही डोक्यात आलं असतं. दादाच्या डोक्यात आली चोरी. कोणीतरी त्याचा ओक पळवला आणि जागी विलो ठेवला! आणि हे कोणीतरी म्हणजे कोण? मी! सख्खा भाऊ! का, तर परसाच्या दाराची किल्ली माझ्याकडे असते. सबंध गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मला चोर म्हणाला, वहिनी. मीही त्याला नाही नाही ते बोललो.

संध्याकाळी तो शेगडीसमोर बसला होता. शेगडी पेटवली नव्हती. मान न वळवता त्याने मला विचारलं, तिचा खोकला थांबला का रे? हे तो रोजच विचारतो, पण रोज लेकीची चौकशी केल्याचं सोंग करून. असला आडमुठा, बिनडोक माणूस मी जन्मात पाहिला नाही. त्याला तुमच्यावाचून घटकाभर करमत नाही, आणि चुकलो हा एक शब्द काही त्याच्या तोंडातून निघत नाही. मला त्याची कीव येते आणि ती आल्याचा रागही येतो. असो. नातवाला आशीर्वाद.

तुमचा,
धाकटा दीर

ता. क. न्याय म्हणून सांगतो, वाळलेला विलो वाईट नाही. चटकन पेटतो, धूर करत नाही. पण निखारा म्हणून धरत नाही, चहा उकळेपर्यंत राख. तुमच्या खोलीसाठी मी कठीण, वाळलेलं लाकूड आणून ठेवलं आहे, वजन न करता.

ता. क. आणखी एक. मी दादापाशी चोरी कबूल केली आहे. म्हटलं, लाकूड तुमच्याकडे पोचायच्या आधीच मी तुझा ओक विकला आणि विलो भरला. (अख्खं झाड मी कसं बदललं, हे त्याने विचारलं नाही.) म्हणजे आता त्याने आणला तो ओक आणि तुम्ही जाळला तो विलो. तोही खरा, तुम्हीही खऱ्या. मला घराण्याचा कलंक म्हणाला आणि लगेच दाढी करायला बसला. रविवारी तो तुम्हाला न्यायला येतो आहे. या खोट्या कबुलीमुळे तुमची जाऊ माझ्याशीही आता भातापुरतंच बोलते, पण ते मी बघून घेईन. तुम्ही फक्त हसू नका आणि माझी बाजू घेऊ नका. मला चोर म्हणा, लबाड म्हणा, तोंडाला येईल ते म्हणा. पण तिकडून नको. घरी या, आणि तुमच्या दारात मला उभा करून म्हणा.