साडूभाऊंचा पूरविमा

पांझराकाठ, धुळे
शुक्रवार, दुपार

आदरणीय प्रेमराजभाऊ,

धाकट्या साडूचा, म्हणजे या निंबाचा, तुम्हाला आणि कमलताईंना वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता बरा असेल. ताईंच्या हाताला गुण आहे, शिवाय पारोळ्याची हवा कोरडी. इकडे आम्ही दोघंही ठीक. कोकिळा रोज ताईंची आठवण काढते आणि त्या आठवणीचा शेवट तुमच्या घरावर होतो. वरचा मजला, सरकत्या काचा, अंगणातला झोपाळा. एवढं झालं की ती माझ्याकडे बघते. मी उठून नदीचं पाणी बघून येतो. (आमच्याकडे बघण्यासारखं तेवढंच आहे.)

तर गोष्ट पूरविम्याची. दोन वर्षांपूर्वी पांझरा आमच्या घरात शिरली, स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत चढली आणि फ्रीज तरंगत तरंगत न्हाणीघराच्या दारात जाऊन अडकला, हे तुम्ही पाहिलंच आहे. कंपनीने भरपाई दिली, नाही म्हणत नाही. पण तेव्हापासून हप्ता वाढतोच आहे. आधी तीन हजार शंभर होता, मग पाच हजार झाला, यंदा नऊ हजार चारशे. कागद हातात घेऊन बसलो होतो, तेवढ्यात कोकिळेने ताईंना फोन लावून तुमचा हप्ता विचारला. अकराशे पन्नास! भाऊ, खरं सांगतो, तोवर मला नऊ हजार चारशेचं एवढं दुःख झालं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या कचेरीत गेलो. तिथल्या मुलीने शांतपणे सांगितलं की दर नकाशावरून ठरतो, आणि नकाशात आमची गल्ली लाल आहे. पारोळा कसा आहे विचारलं, तर म्हणाली, हिरवा. (तिथेही तुम्ही हिरवेच!) सरकारचं यावर काही चालत नाही का, असं विचारल्यावर कळलं की दर कंपनी ठरवते, सरकार देखरेख ठेवतं. परीक्षेच्या वर्गात खुर्ची टाकून बसलेले मास्तर ठेवतात तशी असावी.

पण योग असा की त्याच आठवड्यात विम्याच्या दरांवर सरकारी सुनावणी निघाली. गल्लीतल्या चाळीस घरांनी अर्जावर सह्या केल्या आणि बोलायला मला निवडलं. आमचे शेजारी कय्युमभाई, शिवणकाम करतात ते, गेल्या पुरात त्यांची दोन्ही मशीनं गेली. हा दर राहिला तर ते यंदा विमा सोडणार, आणि नदीकाठी विमा सोडणं म्हणजे काय हे त्यांनाही कळतं. बिचाऱ्यांनी माझ्या सदऱ्याचं बटण फुकट लावून दिलं आणि सभागृहाच्या दाराबाहेर उभे राहिले.

आत एक बाई अधिकारी होत्या. प्रत्येकाला तीन मिनिटं. मी अर्ज काढायला खिशात हात घातला, आणि भाऊ, काय झालं कोण जाणे, तोंडातून तुम्हीच निघालात. म्हटलं, मॅडम, आमच्या तीन खोल्यांना नऊ हजार चारशे आणि आमच्या साडूच्या दुमजली घराला अकराशे पन्नास, हा कुठला न्याय? बाईंनी विचारलं, "त्यांच्या घराजवळ पाणी नाही?"

"नाही कसं? मागे नाला आहे. चाळीस पावलांवर. मी स्वतः मोजलीत."

(का मोजली होती, ते विचारू नका. गेल्या दिवाळीत तुम्ही सगळ्यांना नवी गच्ची दाखवत होतात, तेव्हा मी खाली मोकळाच होतो.)

बाईंनी लॅपटॉपवर नकाशा उघडला, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "मग दर तुमचा नाही, त्यांचा चुकलाय." शेजारच्या कारकुनाने ते लिहून घेतलं. तेवढ्यात घंटी वाजली आणि पुढच्याचा नंबर पुकारला. चाळीस सह्या माझ्या खिशातच राहिल्या.

बाहेर कय्युमभाईंनी विचारलं, "काय व्हयनं, निंबाभाऊ? बठ्ठास्नं काम व्हयनं ना?" सगळ्यांचं काम झालं का म्हणून विचारणाऱ्याला काय सांगणार? म्हटलं, चर्चा चांगली झाली. त्यांनी मला चहा पाजला. चहाचे पैसेही मला देऊ दिले नाहीत, भाऊ. माझा तुमच्यावर कसलाही राग नाही, हे मात्र पक्कं समजा.

ताईंना नमस्कार. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही टिकावा.

आपला,
निंबा

ता. क. : मी तुमचं फक्त उदाहरण दिलं होतं. पण उदाहरणाला नाव लागतं, म्हणून नाव दिलं. नावाला पत्ता लागतो, म्हणून पत्ता. गुरुवारी मोजणीसाठी माणूस येईल. त्याला चहा द्या.

आणखी ता. क. : लेखी हरकती पंधरा तारखेपर्यंत घेतात. मुख्याध्यापक म्हणून तुमची हयात अर्ज लिहिण्यात गेली. चाळीस घरांचा अर्ज तुमच्याच हातचा हवा. सह्या सोबत पाठवतोय. तुमचं घर एक्केचाळिसावं घाला, म्हणजे लिहायला जोर येईल. कय्युमभाईंचं नाव सगळ्यांत वर असू द्या.

शेवटचा ता. क. : तुमचा नवा दर किती निघाला ते कळवा. आमच्यापेक्षा जास्त असेल तर पत्रात वेळ घालवू नका, फोनच करा. मी स्पीकर चालू करून कोकिळेला शेजारी बसवून ठेवतो.